वायूचा व्यापार आणि व्यापाऱ्यांचा संघ

बाजारात विकल्या जाणाऱ्या बहुतेक मालाची पारख गिऱ्हाइकाला स्वतः करता येते. धान्याचा दाणा हातात घेऊन पाहता येतो, कापडाचा पोत बोटांनी अजमावता येतो, तेलाचा वास घेता येतो, आणि मापात खोट असल्याचा संशय आला तर पलीकडच्या दुकानात जाऊन तोच जिन्नस पुन्हा तोलून घेता येतो. नैसर्गिक वायूच्या गिऱ्हाइकाला यांपैकी एकही सोय नाही. जो माल रंगहीन आहे, मूळच्या स्थितीत गंधहीन आहे, जमिनीखालच्या नळातून येतो, विकणाऱ्यानेच बसवलेल्या यंत्रावर मोजला जातो आणि ज्याचा विकणारा सबंध शहरात बहुधा एकच असतो, असा माल माणसे आपल्या घरात, मुलेबाळे निजलेली असताना, निर्धास्तपणे वाहू देतात. हा विश्वास आपोआप निर्माण झालेला नाही. सरकारचा कायदा आणि कंपनीचा हिशेब या दोहोंच्या मध्ये उभी राहिलेली तिसरी संस्था, म्हणजे त्या व्यवसायाचा संघ, तिचा या विश्वासाच्या घडणीत किती वाटा आहे आणि तिच्या शब्दावर कोठवर विसंबावे, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. आणि त्याच्या विचारासाठी ‘अमेरिकन गॅस असोसिएशन’ या संस्थेचा शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास फार उपयोगी पडतो.

ही संस्था १९१८ साली स्थापन झाली. तिच्या आधी दोन निरनिराळी मंडळे होती. १९०६ साली निघालेल्या अमेरिकन गॅस इन्स्टिट्यूटमध्ये भट्ट्या, नळ आणि दाब यांचा विचार करणारे अभियंते जमत, तर नॅशनल कमर्शियल गॅस असोसिएशनमध्ये वायूचा खप कसा वाढेल याची चिंता वाहणारे विक्रेते जमत. या दोहोंच्या विलीनीकरणातून नवा संघ जन्मास आल्यामुळे अभियंता आणि विक्रेता हे दोघे पहिल्या दिवसापासून एकाच दप्तरात बसले, ही गोष्ट पुढील सर्व हकिगतीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. त्या काळी शहरांत मिळणारा वायू बहुतांशी कोळशापासून कारखान्यात तयार केलेला असे. लंडनमध्ये १८१२ साली आणि बाल्टिमोरमध्ये १८१६ साली ज्या प्रकारच्या कंपन्या निघाल्या, त्याच प्रकारच्या कंपनीने १८६५ पासून मुंबईचे रस्ते उजळले, आणि लालबागेतील ‘गॅस कंपनी लेन’ या नावात तिची खूण आजही शिल्लक आहे. जमिनीतून निघणारा नैसर्गिक वायू न्यूयॉर्क राज्यातील फ्रेडोनिया या गावी विल्यम हार्ट नावाच्या गृहस्थाने १८२० च्या दशकातच दिव्यांसाठी वापरात आणला होता; परंतु त्याला दूरवर नेण्याइतके मजबूत व न गळणारे नळ तयार होईपर्यंत तो विहिरींच्या आसपासच्या मुलखातच अडकून राहिला.

संघाचे स्वरूप समजण्यासाठी या धंद्याचा एक विशेष आधी ध्यानात घ्यावा लागतो. एकाच रस्त्यात दोन कंपन्यांनी समांतर नळ घालणे दोघींनाही परवडत नाही आणि नगरपालिकेलाही सोसत नाही. म्हणून सामान्यतः शहराची सनद एकाच कंपनीला मिळते, तिचे दर सरकारी आयोग ठरवून देतो, आणि त्या सनदेच्या हद्दीत वायू विकणारा दुसरा कोणी उरत नाही. परिणामी बोस्टनची कंपनी आणि शिकागोची कंपनी एकच माल विकत असूनही एकमेकींचे एकही गिऱ्हाईक पळवू शकत नाहीत. दोन कापडगिरण्यांच्या मालकांनी एकत्र बसून रंगाई-विणाईतील आपापल्या युक्त्या एकमेकांस सांगाव्यात अशी अपेक्षा कोणी करणार नाही. परंतु बोस्टनच्या अभियंत्याने बिडाचा जुना नळ कोठे आणि का तडकला हे शिकागोच्या अभियंत्यास मोकळ्या मनाने सांगितले, तर त्याच्या कंपनीचे एका पैचेही नुकसान होत नाही. या धंद्याचा खरा प्रतिस्पर्धी धंद्याच्या बाहेर उभा आहे, आणि तो म्हणजे वीज. काही प्रदेशांत घरे तापवण्याचे तेल. घरात मित्रभाव आणि दारात लढाई अशी ही स्थिती असल्यामुळे, ज्ञानाच्या देवघेवीत हा संघ जितका उदार झाला तितकाच वकिलीत तो आग्रही झाला. माझ्या मते त्याच्या इतिहासातील स्तुत्य भाग आणि आक्षेपार्ह भाग हे दोन्ही या एकाच मुळातून फुटलेले आहेत.

एकाच धंद्यातील माणसांनी एकत्र जमण्याविषयी ॲडम स्मिथने अठराव्या शतकातच गंभीर संशय व्यक्त केला होता, आणि अमेरिकेत १८९० च्या शर्मन कायद्याने मक्तेदारीसाठी केलेले करार बेकायदा ठरवले असल्यामुळे अशा संघांच्या बैठकींत दरांविषयी चकार शब्द निघू नये म्हणून कायदेपंडितांची नजर असते. तथापि संशय हा एवढाच या संस्थांचा इतिहास नव्हे. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखात उषवदाताने भिक्षूंच्या वस्त्रादी गरजांसाठी दिलेले तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवल्याची आणि त्यांपैकी दोन हजारांवर दरमहा शेकडा एक व एक हजारावर शेकडा पाऊण व्याज ठरल्याची नोंद आहे. ज्या श्रेणीवर राजकुळातील पुरुषाने अक्षय ठेव सोपवावी, तिचा शब्द समाजात केवढा पक्का मानला जात असला पाहिजे! व्यवसायसंघ स्वार्थी असतो हे खरे. पण आपली पत टिकवणे हादेखील त्याचा स्वार्थच असतो, आणि त्या स्वार्थातून लोकांचे पुष्कळ हित साधता येते.

ते कसे साधले याचा पहिला दाखला क्लीव्हलँड येथील प्रयोगशाळेचा. १९२५ साली संघाने त्या शहरात वायूच्या उपकरणांची परीक्षा करणारी प्रयोगशाळा उघडली. त्या वेळी शेगड्या, पाणी तापवण्याचे बंब आणि खोल्या उबदार करण्याची यंत्रे बनवणारे लहानमोठे कारखाने शेकड्यांनी होते आणि त्यांच्या मालावर कोणाचेही नियंत्रण नव्हते. ज्वालक सदोष असला आणि वायूस पुरेशी हवा मिळाली नाही तर ज्वलन अपुरे राहून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. तो बंद खोलीत साचला म्हणजे झोपलेले माणूस झोपेतच मरण पावते, आणि त्याचा ठपका शेगडी बनवणाऱ्यावर न येता वायू पुरवणाऱ्या कंपनीवर येतो. म्हणून कंपन्यांच्या संघाने ठरवले की कसोटीस उतरलेल्या उपकरणावरच निळ्या ताऱ्याची मोहोर उमटावी. कसोट्यांचे नियम समितीत बसून लिहिले गेले. समितीत उत्पादक, वितरक आणि सरकारी प्रतिनिधी असत. पुढे हे नियम राष्ट्रीय मानकांत समाविष्ट झाले आणि नगरपालिकांनी त्यांचा आधार आपल्या इमारतींच्या नियमांत घेतला. आज अमेरिकेत घरातील वायुनळाच्या जोडणीसाठी जी राष्ट्रीय संहिता प्रमाण मानली जाते, तीवरही या संघाचे आणि अग्निसंरक्षणाच्या राष्ट्रीय संस्थेचे संयुक्त नाव आहे. ज्या नियमाला प्रारंभी कायद्याचे कोणतेच बळ नव्हते तो अखेर कायदाच होऊन बसतो, ही या संस्थांच्या सामर्थ्याची खरी जागा आहे आणि सामान्य नागरिकाला ती क्वचितच दिसते.

दुसऱ्या महायुद्धानंतर संघाच्या अभियंत्यांपुढे याहून बिकट प्रश्न आला. टेक्सासमधून ईशान्येकडे तेल नेण्यासाठी युद्धकाळात घातलेले ‘बिग इंच’ आणि ‘लिटल बिग इंच’ हे दोन प्रचंड नळमार्ग १९४७ साली वायूसाठी विकले गेले आणि नैसर्गिक वायूचा पूर पूर्वेकडील शहरांच्या दिशेने वाहू लागला. कोळशाच्या वायूच्या एका घनफुटात जितकी उष्णता असते, तिच्या जवळजवळ दुप्पट उष्णता नैसर्गिक वायूच्या एका घनफुटात असते. त्यामुळे जुन्या शेगडीत नवा वायू तसाच सोडला तर ज्योत ज्वालकापासून उचलली जाऊन विझू शकते, किंवा पिवळी पडून काजळी धरते. उलट नैसर्गिक वायूसाठी बेतलेल्या शेगडीत दुसरा वायू आला तर ज्योत मागे सरकून ज्वालकाच्या आत शिरण्याचे भय असते. निरनिराळ्या मिश्रणांचे वायू एकमेकांच्या जागी कितपत चालतील हे हिशेबाने सांगता यावे म्हणून संघाच्या प्रयोगशाळेने चाचण्या केल्या आणि १९४६ साली ३६ क्रमांकाची पत्रिका प्रसिद्ध केली. ज्योत उचलली जाणे, मागे सरकणे आणि पिवळी पडणे या तीन दोषांचे तीन निर्देशांक तीत दिलेले आहेत. इटालियन अभियंता वॉबे याने १९२० च्या दशकात सुचवलेला एक सोपा अंक या क्षेत्रात आधीपासून होता. वायूच्या उष्णतामूल्यास त्याच्या सापेक्ष घनतेच्या वर्गमुळाने भागले की तो येतो, आणि एकाच छिद्रातून व एकाच दाबाने सोडलेले दोन वायू सारखीच उष्णता देतील की नाही हे तो सांगतो. परंतु उष्णता सारखी मिळाली म्हणून ज्योत स्थिर राहतेच असे नाही, आणि ही उणीव संघाच्या पत्रिकेने भरून काढली. परदेशाहून जहाजाने आलेला द्रवरूप वायू स्थानिक नळात मिसळताना अभियंते आजही ती पत्रिका काढून बसतात. या कामाची जाहिरात कोणी केली नाही. लक्षावधी घरांतील चुली बदलत असताना तेथील स्वयंपाक मात्र बंद पडला नाही, एवढेच त्याचे दृश्य फळ.

मापनाच्या क्षेत्रातील कार्य तर मला सर्वांत मोलाचे वाटते. नळातून वेगाने जाणारा वायू मोजण्याची जुनी व आजही प्रचलित रीत अशी, की नळात मध्यभागी गोल छिद्र असलेली धातूची पातळ चकती आडवी बसवतात. छिद्रातून जाताना वायूचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. चकतीच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरकाच्या वर्गमुळावरून प्रवाहाचे मान काढतात. तत्त्व शाळकरी मुलालाही कळेल असे आहे. भांडण सुरू होते ते तपशिलात. छिद्राची कड किती धारदार असावी, चकतीच्या आधी नळ किती लांबपर्यंत सरळ असावा, दाब नेमका कोठे मोजावा, यांपैकी एकेका बाबीने उत्तरात शेकडा एक-दोनचा फरक पडतो, आणि लक्षावधी घनफुटांच्या रोजच्या व्यवहारात तेवढा फरक विकणाऱ्याला किंवा घेणाऱ्याला बुडवण्यास पुरेसा होतो. १९३० च्या दशकाच्या प्रारंभी ओहायो स्टेट विद्यापीठात प्राध्यापक बाइटलर यांनी निरनिराळ्या आकारांच्या नळांवर व चकत्यांवर परिश्रमपूर्वक प्रयोग केले; संघाने आणि यंत्रअभियंत्यांच्या संस्थेने त्या आकड्यांच्या आधारे गुणांक निश्चित केले; आणि १९५५ साली संघाचा तिसरा मापन-अहवाल प्रसिद्ध झाला. विकणाऱ्याचे गणित आणि घेणाऱ्याचे गणित एकच झाल्यामुळे तंट्यांचे मोठे क्षेत्रच मिटले. पुढे आठव्या अहवालाने आणखी एक गाठ सोडवली. भारी दाबाखाली वायू आदर्श नियमाने अपेक्षित असते त्याहून अधिक आकसतो. सत्तर-ऐंशी वातावरणांच्या दाबाला ही तफावत दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत जाते. आणि ती वायूतील मिथेन, इथेन, नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड इत्यादी घटकांच्या प्रमाणावर अवलंबून असते. एकवीस घटकांपर्यंतच्या मिश्रणासाठी ती काढण्याचे समीकरण या अहवालात आहे. ध्वनिलहरींनी प्रवाह मोजणाऱ्या यंत्रांसाठी नववा अहवाल १९९८ साली आला. हे अहवाल अमेरिकेपुरते राहिले नाहीत. आपल्या देशातील नळमार्गांवरील प्रवाहगणकांतही हीच समीकरणे वापरली जातात, आणि कराराच्या मसुद्यात त्या अहवालांचे क्रमांक लिहिले की खरेदीदार व विक्रेता दोघेही निश्चिंत होतात.

अशा ज्ञानाची एक मर्यादा मात्र टेक्सासमधील न्यू लंडन या गावी १८ मार्च १९३७ रोजी अत्यंत भीषण रीतीने उघड झाली. तेथील शाळेने खर्च वाचवण्यासाठी वायूची रीतसर जोडणी सोडून, तेलक्षेत्रातून फुकट जाणारा उरलासुरला वायू जवळच्या नळातून घेतला होता. त्या वायूला गंध नव्हता. गळती होऊन तो इमारतीच्या तळाशी साचत राहिला, कोणालाही सुगावा लागला नाही, आणि शाळा सुटण्याच्या सुमारास विजेच्या यंत्राच्या ठिणगीने स्फोट होऊन जवळजवळ तीनशे मुले व शिक्षक ठार झाले. वायूमध्ये मर्कॅप्टन वर्गातील उग्र दर्पाचे द्रव्य मिसळले तर गळती नाकाला तात्काळ कळते हे ज्ञान त्या वेळी नवे नव्हते. काही वितरण कंपन्या ते आचरणातही आणीत होत्या. पण संघाचे ज्ञान संघाच्या सभासदांपर्यंत पोचते, आणि ही शाळा कोणत्याच सभासदाची गिऱ्हाईक नव्हती. दुर्घटनेनंतर टेक्सासच्या विधिमंडळाने त्वरेने कायदा करून गंधद्रव्य सक्तीचे केले आणि इतर राज्यांनी तोच मार्ग धरला. स्वेच्छेने पाळलेला नियम कितीही उत्तम असला तरी जो मनुष्य संघाच्या बाहेर आहे त्याचे रक्षण सरकारच्या हुकुमानेच होते, हे ज्यांना पटत नाही त्यांनी त्या गावाची हकिगत वाचावी.

दुसरी मर्यादा संघाच्या प्रयोगशाळेच्याच शहरात, क्लीव्हलँडमध्ये, २० ऑक्टोबर १९४४ रोजी दिसली. तेथील कंपनीने वायू थंड करून द्रवरूपात साठवण्यासाठी जी टाकी बांधली होती ती फुटली, द्रव गटारांत व तळघरांत शिरून पेटला आणि सुमारे १३० माणसे प्राणास मुकली. टाकीच्या पोलादात निकेलचे प्रमाण साडेतीन टक्के होते आणि इतक्या कडाक्याच्या थंडीत ते पोलाद ठिसूळ होते, हे पुरेसे कोणाला उमगले नव्हते. या आपत्तीने द्रवरूप वायूचा उपक्रम अमेरिकेत कित्येक वर्षे मागे पडला. आणि तो पुन्हा हाती घेण्याची वेळ आली तेव्हा, १९६० साली, संघाच्याच समितीने सुरक्षेच्या नियमांचा मसुदा लिहिण्यास घेतला. १९६७ साली तो अग्निसंरक्षण संस्थेचे मानक म्हणून प्रसिद्ध झाला.

अपघातापासून शिकण्याची ही रीत पुढे सुधारत गेली. मॅसॅच्युसेट्समधील मेरिमॅक खोऱ्यात १३ सप्टेंबर २०१८ रोजी जुना बिडाचा नळ बदलताना, दाब ओळखणारी नलिका त्या निकामी केलेल्या नळावरच राहिली. नळातील दाब उतरताच नियंत्रक झडपांनी तो कमी पडला असे समजून वायूचा लोंढा सोडला, आणि लॉरेन्स, अँडोव्हर व नॉर्थ अँडोव्हर या गावांत घरोघर आगी लागून एका तरुणाचा मृत्यू झाला व हजारो कुटुंबांना घरे सोडावी लागली. सरकारी तपास मंडळाचा अंतिम अहवाल येण्यास वर्ष लागले. पण संघाने त्याच वर्षाच्या अखेरीपूर्वी, अतिदाबाचे असे प्रसंग टाळण्यासाठी कोणत्या रीती अवलंबाव्यात याची पुस्तिका सर्व सभासदांपुढे ठेवली. अशा संकटात एका कंपनीची माणसे व सामग्री दुसऱ्या कंपनीच्या मदतीस धाडण्याची तजवीज संघात आहे. तसेच एका कंपनीचे अनुभवी अधिकारी दुसऱ्या कंपनीत जाऊन तिचे कामकाज तपासतात आणि उणिवा स्पष्ट सांगतात. परस्परांशी स्पर्धा नसण्याचा लाभ येथे अगदी प्रत्यक्ष दिसतो.

आता दुसरी बाजू. विजेच्या कंपन्यांनी आणि विजेची उपकरणे बनवणाऱ्या कारखानदारांनी १९५० च्या दशकात ‘सर्व काही विजेवर’ अशा घरांची मोठी मोहीम उघडली, आणि तिला तोंड देण्यासाठी वायुसंघाने जाहिरातींवर विपुल पैसा खर्च केला. त्यात गैर काही नाही. पण १६ एप्रिल १९५९ रोजी सीबीएस दूरचित्रवाणीवर ‘प्लेहाउस ९०’ या मालिकेत ‘जजमेंट ॲट न्यूरेंबर्ग’ हे नाटक दाखवले गेले तेव्हा, प्रायोजक असलेल्या या संघाच्या आक्षेपावरून, नाझी छावण्यांतील विषारी वायूचा उल्लेख पात्रांच्या तोंडून येताच आवाज बंद करण्यात आला. लक्षावधी निरपराध माणसांच्या हत्येचे साधन काय होते, हे त्या हत्येच्या न्यायनिवाड्याविषयीच्या नाटकात बोलू द्यायचे नाही, कारण त्या शब्दाने आपल्या शेगडीचा खप घटेल, हा विचार ज्यांनी केला त्यांचा निषेध करण्यास आज साठ-पासष्ट वर्षांनंतरही संकोच वाटू नये. विक्रेत्याने अभियंत्याला आणि माणसालाही बाजूस सारले म्हणजे काय होते, ते त्या रात्री दिसले.

याहून दूरगामी प्रकरण आकड्यांचे. जमिनीत सिद्ध झालेला वायूचा साठा किती, याचा वार्षिक अंदाज महायुद्धानंतर संघाची एक समिती प्रसिद्ध करीत असे. समितीतील भूशास्त्रज्ञ वायू काढणाऱ्या कंपन्यांचे नोकर असत, क्षेत्रनिहाय तपशील गोपनीय राहत, आणि सरकारजवळ स्वतःचे आकडे नसल्यामुळे फेडरल पॉवर कमिशनही धोरण ठरवताना याच अंदाजावर भिस्त ठेवी. १९५४ च्या फिलिप्स खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने, राज्यांच्या सीमा ओलांडून विकल्या जाणाऱ्या वायूचा विहिरीवरील दर सरकारी नियंत्रणाखाली आला होता, आणि दर बांधलेला असल्यामुळे कोणी नवा शोध घेत नाही अशी उत्पादकांची तक्रार होती. संघाच्या आकड्यांप्रमाणे साठा १९६७ साली सुमारे २९३ लाख कोटी घनफूट या कमाल मर्यादेस पोचला आणि पुढे, अलास्कातील नव्या साठ्याची एकवेळची भर वगळता, उतरत गेला. आकडे उतरले की दर वाढवण्याच्या मागणीस बळ मिळे. मग आकडे देणारे आणि दर मागणारे एकच असताना त्या आकड्यांवर विश्वास का ठेवावा, हा प्रश्न संसदेत आणि वृत्तपत्रांत विचारला जाऊ लागला. फेडरल ट्रेड कमिशनने चौकशी आरंभली आणि कंपन्यांकडून कागदपत्रे मागवण्याचा वाद थेट न्यायालयात गेला. १९७६-७७ च्या कडक हिवाळ्यात वायूची प्रत्यक्ष टंचाई होऊन शाळा व कारखाने बंद पडले, तेव्हाही टंचाई खरी किती आणि रोखून धरलेली किती याविषयी लोकांच्या मनातील किल्मिष गेले नाही. या ठिकाणी न्यायाने हेही नोंदवले पाहिजे की संघाचे मुख्य सभासद, म्हणजे शहरांतील वितरक, यांना वायू स्वस्त मिळावा असेच वाटत होते, आणि उत्पादकांचे हितसंबंध त्यांच्याहून वेगळे होते. परंतु मोहोर संघाची होती आणि संशय संघावर आला. १९७७ साली ऊर्जाखाते निर्माण करताना सरकारने माहिती गोळा करणारी स्वतंत्र कचेरी स्थापन केली, कंपन्यांना आकडे देणे कायद्याने बंधनकारक केले, आणि संघाचा वार्षिक अंदाज लवकरच इतिहासजमा झाला. योग्य तोच निवाडा झाला. मोजण्याची रीत संघाने ठरवावी. पण ज्या मोजणीवर दर ठरतो ती सरकारने स्वतः करावी.

सध्या चालू असलेला वाद स्वयंपाकघरातील शेगडीचा आहे. वायू जळताना नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो आणि वायुवीजन नसलेल्या खोलीत तो लहान मुलांच्या फुप्फुसांना अपाय करू शकतो, असे म्हणणाऱ्या संशोधकांचा आणि संघाचा झगडा अनेक वर्षांचा आहे. अमेरिकेतील बालकांच्या दम्यापैकी सुमारे पावणेतेरा टक्के दम्याचा संबंध वायूच्या शेगडीशी जोडणारा निबंध २०२२ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला आणि संघाने त्याची पद्धतच चुकीची ठरवली. कॅलिफोर्नियातील बर्कली शहराने २०१९ साली नव्या इमारतींत वायूचे नळ घालण्यास मनाई केली होती. ती २०२३ साली अपील न्यायालयाने रद्द केली. शास्त्रीय प्रश्नाचा निकाल शास्त्रज्ञांनी लावायचा आहे आणि मी तो येथे लावू इच्छित नाही. मात्र या विषयावर संघ जे बोलतो ते पक्षकाराचे बोलणे आहे, आणि त्याच्या मापन-अहवालास आपण जो मान देतो तो या पत्रकास देऊ नये, एवढे निःशंकपणे म्हणता येते. अहवालातील प्रत्येक समीकरण त्रयस्थ प्रयोगशाळेत पडताळून पाहता येते व त्यातील चूक सभासदालाच महागात पडते. पत्रकातील चुकीची किंमत दुसरे कोणी तरी मोजते. संघाच्या कोणत्याही कागदाची पारख करण्याची हीच कसोटी मी मानतो.

आपल्याकडे हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. १९७४ साली मुंबई हायचा शोध लागला, १९९५ साली महानगर गॅस कंपनी निघाली, पुण्यासाठी २००६ साली महाराष्ट्र नॅचरल गॅस कंपनी आली, आणि त्याच वर्षीच्या कायद्याने स्थापन झालेले नियामक मंडळ भौगोलिक क्षेत्रे पाडून ठरावीक मुदतीपुरता एकेका कंपनीस एकेका क्षेत्राचा अनन्य अधिकार देऊ लागले. म्हणजे अमेरिकेत जी परिस्थिती होती तीच येथे उत्पन्न झाली आहे. आपल्या कंपन्याही परस्परांच्या प्रतिस्पर्धी नाहीत, आणि त्यांचेही संघ आहेत. कर कमी व्हावा, वस्तू व सेवा कराच्या कक्षेत वायू यावा, देशी वायूचा वाटा शहरांना अधिक मिळावा, या मागण्या ते सरकारपुढे जोमाने मांडतात आणि मांडाव्यातही. महाराष्ट्र शासनाने २०२२ साली नैसर्गिक वायूवरील मूल्यवर्धित कर साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला, त्याचा लाभ गिऱ्हाइकालाच झाला. परंतु मागणी मांडणे हे संघाचे सोपे काम आहे. अवघड काम चुकांची देवघेव करण्याचे आहे. आंध्रातील नगरम या गावी २७ जून २०१४ रोजी नळ फुटून वीसहून अधिक माणसे जळून मेली. त्या नळाच्या आत काय झाले होते, गंजण्याची खूण आधी कोणाला दिसली होती आणि ती दिसल्यावर काय करावयास हवे होते, हे मुंबई-पुण्यातील प्रत्येक देखभाल अभियंत्याच्या आणि रस्ता खोदणाऱ्या प्रत्येक मुकादमाच्या हाती, त्याला समजणाऱ्या भाषेत, छापील स्वरूपात असले पाहिजे. आपल्या वायुकंपन्यांच्या संघांनी आपल्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा अशा वृत्तांतांसाठी राखून ठेवावा, ते मराठीतही प्रसिद्ध करावेत, आणि ज्यांच्या घरात हा वायू येतो त्या गिऱ्हाइकांनी पुढच्या देयकाबरोबर त्यांची मागणी कंपनीकडे लेखी नोंदवावी.